सावड फिटू नये म्हणून

ज्या खाटेवर मला आत्याला झोपवायचं होतं, तिच्यावर एक माणूस खुशाल घोरत पडला होता.

आधी मी त्याला पेशंटच समजले. मग पाहिलं, तर खाली कामावरचे बूट जोडून ठेवलेले, आणि खोली तर बायकांची. खोलीत दोनच खाटा. खिडकीजवळच्या खाटेवर टाचेला पट्टी बांधलेली एक वयस्क बाई बसली होती आणि माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होती. भिंतीजवळची ही दुसरी खाट मात्र खास होती. तिच्या पायथ्याला लोखंडी चौकट होती, चौकटीला कप्पी होती आणि कप्पीवरून दोरी लोंबत होती. निर्वासितांच्या बराकींच्या अख्ख्या कॅम्पात अशी खाट या एकाच नर्सिंग होममध्ये आहे असं मला कळलं होतं. ती बघायला मी काडेपेटीच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून, अंबरनाथहून चालत उल्हासनगरात आले होते.

"अहो, उठा," मी म्हटलं. "मला गादी बघायचीय."

घोरणं थांबलं नाही. मी गादीचं टोक धरलं आणि सरळ वर उचललं. तो गडगडत भिंतीशी गेला आणि डोळे चोळत उठून बसला. सावळा चेहरा, कपाळावर आलेले केस, एका गालावर उशीची उमटलेली घडी... हे सगळं मी पाहिलं, नाही कशाला म्हणू? पण तेव्हा मी आले होते गादीसाठी.

"काय हुडकताय?" त्याने विचारलं.

"ढेकूण."

"न्हाईत. पंधरा दिस झाले, मी रोज हितंच झोपतोय."

"तुमच्या सांगण्यावर विश्वास ठेवू?"

"माझ्यावर नका. माझ्या पाठीवर ठेवा. एक चावा सापडला तर सांगा."

खिडकीजवळच्या बाई म्हणाल्या, "हिंदुराव, त्यास्नी बघू दे नीट. बैल घेताना मानूस दात बघतंयच की."

हिंदुराव. नाव ऐकून मला हसू आलं. एवढं सरदारी नाव, आणि माणूस गंजीफ्रॉकवर, परक्या खाटेवर. तो या कौसाबाईंचा मुलगा. साताऱ्याकडचे मायलेक. आईला साखरेचा आजार, टाचेची जखम भरत नव्हती. हा अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात लेथवर रात्रपाळी करायचा आणि दिवसा आईजवळ थांबायचा. मधे डोळा लागला की ही रिकामी खाट.

मी पदर खोचला आणि त्याची उलटतपासणी घेतली. रात्री डॉक्टर येतो का? हाक मारली की येतो, मागच्याच बराकीत राहतो. पाणी? दोन वेळा. आया पेशंटवर ओरडते का?

"हरदेवी? ती माझ्यावर वरडती. पेशंटवर न्हाई."

"आता वाईट काय ते सांगा."

त्याने कप्पीकडे बघितलं. "भात कच्चा असतो. आनि ही कप्पी... वारं आलं तरी कुरकुरती. रातच्याला आईची झोपमोड व्हती."

त्या क्षणी माझं ठरलं. याआधी कल्याणला एक नर्सिंग होम पाहून आले होते. तिथल्या माणसाने सगळंच उत्तम आहे म्हणून सांगितलं होतं, आणि मला एक शब्द पटला नव्हता.

डॉक्टर सिंधी होते, शांत बोलायचे. त्यांनी सांगितलं: मांडीचं हाड आहे, बारा आठवडे पायाला वजन टांगावं लागेल. दिवसाला तीन रुपये, हप्त्याचे पैसे अगोदर. "और एक बात. घरका एक माणूस पायजे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. आया एक आहे, खाटा सहा आहेत."

"माणूस आहे," मी बेधडक सांगितलं.

नव्हता.

आत्या पडली होती ऐनाच्या झाडावरून. फाल्गुनात आमच्या बेलवलीत राबासाठी फांद्या तोडतात. त्या वाळवायच्या, शेतात पसरून जाळायच्या आणि त्या राखेत भाताचं बी पेरायचं. झाडावर चढणं हे पुरुषांचं काम. पण पुरुष तंबाखू मळत बसले होते, आणि राजाबाई आत्याला वाट बघणं जमत नाही. पन्नाशीची बाई कोयता कमरेला खोचून चढली. वरची फांदी तोडली, आणि पायाखालची मोडली.

मी दोन वर्षांची असताना माझी आई गेली. आत्या विधवा होऊन नुकतीच माहेरी आली होती. तिने मला उचलून काखेला घेतलं ते मी शाळेत जाईपर्यंत खाली ठेवलं नाही. मला आई आठवत नाही, आणि आठवावी अशी वेळही कधी आली नाही. माझं आत्यावर फार प्रेम आहे. हे तिला तोंडावर सांगितलं असतं तर तिने कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

थोरले काका, आण्णा, हाड बसवणाऱ्या माणसाला घेऊन आले होते. तो बांबूच्या कामट्या बांधून जाणार होता. पण कुळगावातल्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की कामट्यांनी हे हाड सरळ जुळणार नाही, बाई जन्मभर बाजेवर राहील. झाडाची फांदी न् फांदी ओळखणारी माझी आत्या... बाजेवर. मी ऐकून घेतलं आणि त्याच दिवसापासून खाट शोधायला लागले.

ट्रंकेत तीनशे दहा रुपये होते. माझ्या लग्नाचे. वांगणीचं स्थळ ठरत आलं होतं, वैशाखातला मुहूर्त. मुलाकडे सायकल होती.

"लग्नाचा पैसा मोडून तिला परक्याच्या खाटंवर नेऊन टाकनार?" आण्णा म्हणाले. "लोक काय म्हनतील? घरात मानसं नाय का?"

"माणसं हाईत. कप्पी नाय."

आत्या बाजेवरून म्हणाली, "वेणू, माझ्या तंगडीत तुझं लगीन घालू नको. मी आज ना उद्या मरायचीच हाय."

"मर. पण चालत्या पायांनी मर. बाजेवर नाय."

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. माझे वडील, हरिचंद्र, बोलण्यात फार कंजूष. ते उठले, ट्रंक उघडली, पुरचुंडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "उजाडायच्या आत निघू. तिला ऊन नको लागायला." मग बैलांना चारा घालायला गेले.

वांगणीच्या लोकांना मी निरोप धाडला की यंदा जमणार नाही. त्यांनी आठ दिवसांत दुसरी मुलगी बघितली. मला सायकलचं तेवढं वाईट वाटलं.

गाडीत पेंढा, पेंढ्यावर फळी, फळीवर गोधड्या, गोधड्यांवर आत्या. ती रस्ताभर एकदाही कण्हली नाही, फक्त गाडी कशी हाकावी ते वडिलांना सांगत राहिली. बराकीपाशी पोचलो तर हिंदुराव बाहेरच उभा. त्याने फळीचं एक टोक उचललं, वडिलांनी दुसरं. आत गेल्यावर पाहिलं, गादी उन्हात टाकून झटकलेली होती आणि कप्पीला तेल दिलेलं होतं.

"तुमची झोपायची खाट गेली," मी म्हटलं.

"गेली खरी," तो म्हणाला. "पर चांगल्या घरी पडली."

डॉक्टरांनी पाय फळीवर घेतला, दोरीला वाळूची पिशवी टांगली. आत्याने दात घट्ट आवळले. मी तिचा हात धरला होता, माझी बोटं दोन दिवस दुखत होती.

पहिला आठवडा मी बिनपगारी राहिले. शनिवारी मुकादमाचा निरोप आला: सोमवारी आली नाही तर नाव कापू. ट्रंकेतले पैसे खाटेला पुरले असते. पण औषधं होती, दूध होतं, घरातलं मीठमिरची माझ्याच मजुरीवर चालत होतं. बाहेरची बाई ठेवावी तर दिवसाला दीड रुपया, आणि मला मिळत होते दोनाच्या आत. वडिलांना आत्या घास भरवू देईना. भावाच्या हातून जेवायला मी काय नवरी आहे का, म्हणायची.

म्हणजे नोकरी धरली तर आत्या एकटी, आणि आत्याजवळ बसले तर नोकरी नाही. मी बराकीच्या पायरीवर बसून हाच हिशेब उलटसुलट करत होते. आतून कौसाबाईंचा आवाज येत होता.

"आरं हळू. डोस्कं हाय का गवताची पेंढी?"

मी वाकून पाहिलं. हिंदुराव आईची वेणी घालत होता. लोखंड कातणारे ते हात, आणि त्यात तो एवढासा कंगवा. केसांची गाठ सुटायच्या ऐवजी तिथे तीन नव्या गाठी झाल्या होत्या. आईला अंघोळ घालणं, लुगडं बदलणं, हे तर त्याला शक्यच नव्हतं. ती कामं हरदेवीला वेळ मिळेल तेव्हा व्हायची.

तो कंगवा बघून मला सुचलं. मी आत गेले, कंगवा त्याच्या हातातून घेतला आणि म्हटलं, "सावड करता का?"

"काय करता?"

"सावड. आमच्याकडे भाताच्या आवणीला करतात. आज मी तुमच्या शेतात राबायचं, उद्या तुम्ही माझ्या. पैसा नाय. दिवसाला दिवस. तुम्ही दिवसा इथं असताच, माझ्या आत्याकडे बघा. मी कामावरून सुटले की येईन. दोघींची अंघोळ, वेणीफणी, धुणं, रात्रीचं जेवण माझं. रविवारी पूर्ण दिवस मी, तुम्ही घरी जाऊन झोपा."

"आमच्याकडं याला पैरा म्हनत्यात," तो सावकाश म्हणाला. "पर मानसं सांभाळायला कुनी पैरा केल्याला ऐकला न्हाई."

"मग आता ऐका."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी कौसाबाईंच्या केसांतली गाठ सोडवत राहिले. कुणीतरी डोळे दुसरीकडे वळवायला हवे होते... मीच वळवले.

"सावडीला आलेल्या माणसाचं जेवण आपल्याकडे असतं," मी म्हटलं. "तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी मिळेल."

"तांदळाची भाकरी? ती कागदावानी पांढरी असती ती?"

"नको तर राहू द्या."

"न्हाई, न्हाई. कागद बी खाऊ की."

दोन खाटांच्या मधे आता त्याची चटई आली. दुपारी तो तिथे आडवा व्हायचा. आत्याच्या मनगटाला सुतळी बांधलेली, तिचं दुसरं टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याला. काही लागलं की ओढायची. पाण्यासाठी आत्या एकदा ओढायची आणि करमत नाही म्हणून पाचदा.

"तुमची आत्या मला बैल समजती," त्याने एकदा तक्रार केली.

"बैलाला वेसण नाकात असते. तुम्हाला पायात आहे, म्हणजे मान दिलाय."

"वेणू, याला बोलू नको," आत्या म्हणाली. "चांगला मानूस हाय. दुपारचा पेपर वाचून दावतो. आज कुठं तरी धरन बांधतायत म्हने."

संध्याकाळी साडेपाचला मी पोचायचे. त्याची सुटका सहाला व्हायची. पण तो निघायचा आठाला, मी निघायचे तेव्हा. त्याचा कारखाना आणि माझं स्टेशन एकाच वाटेला, हे कारण होतं, आणि ते खरंच होतं. आम्ही काही वाट मुद्दाम वाकवली नव्हती. बराकींच्या ओळी मागे पडायच्या. दारादारांतून बायका कंदिलाशी बसून वाळलेले पापड रचत असायच्या, आणि कोपऱ्यावरच्या सिंधी दुकानात पकोडे तळल्याचा वास यायचा. तो रोज तिथे पाऊल हळू करायचा.

"घेऊ का?"

"नको. सावडीत जेवण बसतं, पकोडे बसत नाय."

"लई कडक कायदा हाय तुमचा."

"पाळायचा असतो म्हणून."

एकदा मी त्याच्या हातावर भाकरी ठेवत होते. त्याने भाकरी घेतली, पण हात लगेच मागे नेला नाही.

"तुमच्या हाताला काडीचा वास येतो," तो म्हणाला.

"मग लांब बसा."

"पेटंल म्हनून?"

"घासल्याशिवाय पेटत नाय."

बोलून गेले, आणि मग काय बोलले ते माझ्या लक्षात आलं. कौसाबाईंनी तोंडावर पदर घेतला. त्यांच्या खाटेचे स्प्रिंग बराच वेळ वाजत होते, इतक्या त्या हसत होत्या. मी गूळ शोधायच्या निमित्ताने आत्याच्या उशीखाली डोकं घातलं. गूळ होताच. आत्या तो कौसाबाईंना चोरून खडा खडा द्यायची, आणि साखरेच्या पेशंटला गूळ म्हणजे विष, हे मी तिला दहा वेळा सांगितलं होतं. त्या दिवशी मी तिच्यावर जरा जास्तच ओरडले.

सहा आठवडे असे गेले. एका शनिवारी कौसाबाईंच्या टाचेची पट्टी सुटली. जखम भरली होती. हिंदुराव त्यांना टांग्यातून अंबरनाथच्या चाळीत घेऊन गेला. जाताना त्यांनी आत्याचा हात हातात घेतला आणि टांगेवाल्याने दोनदा हाक मारली तरी सोडला नाही. खिडकीजवळची खाट रिकामी झाली. सावड संपली. सोमवारी आत्याजवळ कोण?

सोमवारी दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. चार पेट्या काड्या उलट्या भरल्या. धावत कॅम्पात आले. खोलीत पाहिलं तर चटई होती, सुतळी होती, आणि सुतळीच्या टोकाला अंगठा होता.

"तुम्ही इथं कसे?" मी विचारलं. "सावड संपली."

"कुनी संपवली?"

"तुमची आई घरी गेली. आता मी काय फेडणार?"

"ऱ्हाऊ द्या डोक्यावर."

"माझ्या डोक्यावर कुणाचं काही राहत नाय."

तो बूट घालून निघून गेला, त्या दिवशी एकटाच. हरदेवी पाणी भरत होती. तिने मला कोपऱ्यात घेतलं. "अदी," ती म्हणाली. अदी म्हणजे ताई. "सब लोग दिन की पाली मांगता है. ये आदमी साहब के पीछे लग के फिर एक महिना रात की पाली मांगा. किसके वास्ते? मेरे वास्ते?"

मला बरं वाटलं. आणि खूप रागही आला. फुकट घ्यायची मला सवय नाही. ज्याला फेडता येत नाही त्याने सावड करू नये, हे आत्यानेच मला शिकवलेलं. मी ठरवलं, फेडायचं. घर तर आहे ना त्यांचं? घरात काम असतंच.

रविवारी वडील आत्याजवळ बसायला आले आणि मी चाळीत गेले. पाण्याची पिंपं काठोकाठ भरलेली. भांडी लखलखीत. जमीन सारवलेली. कौसाबाई म्हणाल्या, "काम? कसलं काम गं? बस, च्या घे." हिंदुराव कोपऱ्यात चादर ओढून झोपलेला होता, आणि मला शपथेवर सांगता येईल की तो जागा होता.

पुढच्या रविवारी मी लवकर गेले. पुन्हा तेच. या खेपेला मिरच्यासुद्धा कांडून डब्यात भरलेल्या. चहा मात्र दोनदा झाला. फिटायचं राहिलं बाजूला, उलट चढतच चाललं.

तिसऱ्या रविवारी मी पहिली गाडी पकडली. चाळीच्या नळावर बायकांची गर्दी होती आणि त्या सगळ्या हसत होत्या. मधे एक माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून टबात गोधडी तुडवत होता. कामावरून थेट आला असावा, कोपरापर्यंत तेलाचे डाग.

मी समोर जाऊन उभी राहिले. बायका बादल्या घेऊन हळूहळू पांगल्या. सगळ्या नाही, दोघी रेंगाळल्याच.

"हे माझं काम आहे," मी म्हटलं.

"गोधडी माझी हाय."

"मी फेडायला येते आणि तुम्ही आधीच सगळं उरकून ठेवता. का?"

तो तुडवत राहिला. मग थांबला. टबातल्या पाण्याकडे बघत म्हणाला, "फिटली तर..."

"फिटली तर काय?"

"फिटली तर तुमी यायच्या न्हाईत, वेणू."

त्याने माझं नुसतं नाव घेतलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी खाली वाकले आणि गोधडीचं एक टोक उचललं.

"दुसरं धरा," मी म्हटलं. "गोधडी एकट्याने पिळत नाय."

ती भिजून दगडासारखी जड झाली होती. मी एकीकडे पीळ द्यायचे, तो दुसरीकडे. गोधडी पिळताना आखडत जाते, आणि धरणारी माणसं पाऊल पाऊल जवळ येतात. पाणी धो धो गळत होतं. शेवटी आमच्या मुठींमध्ये वीतभर अंतर राहिलं. त्याच्या कपाळावर साबणाचा फेस लागला होता. मी तो पदराने पुसला. रेंगाळलेल्या दोघींपैकी एकीची बादली खाली पडली.

"माझ्याकडे लग्नाला पैसा नाय," मी म्हटलं. "होता तो सगळा कप्पीला टांगलाय."

"मी कुठं मागितला?"

"आणि आत्या चालल्याशिवाय मी कुठं जायची नाय."

"मग चालवू की," तो म्हणाला. "त्यात काय."

त्या दिवशी आत्याकडे परतताना आम्ही कॅम्पातल्या त्या कोपऱ्यावर पकोडे खाल्ले. पैसे मी दिले.

ज्येष्ठात वजनं उतरली. डॉक्टरांनी दोन्ही पाय फितीने मोजले. मोडलेला पाय अर्धं बोट आखूड होता. "थोडं लंगडेल," ते म्हणाले. "पण चालेल."

ती चालेल हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, आत्याला कुणी पटवलं नव्हतं. ती खाटेच्या कडेला बसली आणि खाटेची दांडी दोन्ही हातांनी धरून जमिनीकडे बघत राहिली. ऐनाच्या शेंड्यावर न भ्यालेली बाई एक वीत खाली पाय टेकवायला भीत होती. मी तिच्या एका काखेत हात घातला, हिंदुरावाने दुसऱ्या.

"पडले तर?" ती म्हणाली.

"पडा," तो म्हणाला. "खाली मीच असतो, ठावं हाय तुमास्नी."

पहिल्या दिवशी नुसती उभी. दुसऱ्या दिवशी दोन पावलं. पाचव्या दिवशी दारापर्यंत. त्याने तिच्यासाठी काठी आणली होती, टोकाला लोखंडी कडं आणि खाली टायरचं रबर, घसरू नये म्हणून. ती काठी तिने आधी दोन वेळा जमिनीवर आपटून बघितली आणि मग म्हणाली, "बरी हाय." आत्याच्या तोंडी याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलेलं नाही. शेवटचा हप्ता भरला तेव्हा पुरचुंडीत सात रुपये उरले.

आषाढात आमच्याकडे आवणी लागली. हिंदुराव तीन दिवसांची रजा टाकून आला. बोलावलं नव्हतं, सावडीच्या माणसाला बोलवावं लागत नाही, असं त्यानेच मला ऐकवलं. गुडघाभर चिखलात उभा राहून त्याने रोपं लावायला घेतली. ओळ अशी वाकडी की बगळेसुद्धा थांबून बघत असावेत.

"हा पण दिवस माझ्यावर चढला," मी शेजारच्या ओळीतून म्हटलं.

"चढू द्या. जन्मभर फेडा."

बांधावर इरलं घेऊन आण्णा उभे होते. आमचं लग्न ठरल्याचं वडिलांनी त्यांना सकाळीच सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांचा चेहरा उतरलेला.

"घाटावरचा मानूस," ते मला म्हणाले. "ठीक हाय, राबतोय. पन लगीन म्हंजे खेळ नाय, वेणू. मांडव, जेवन, चार मानसं. ट्रंक तर रिकामी हाय. तुझ्या लग्नाचं पैसं कुठं हाईत?"

मी पाठ सरळ केली. चिखलाचा हात लांब करून त्यांच्या मागे दाखवला.

घराकडच्या बांधावरून आत्या येत होती. एका हातात काठी, डोक्यावर भाकऱ्यांची पाटी, दुसरा हात पाटीला. फाल्गुनानंतर ती पहिल्यांदा शेतावर येत होती. एक पाऊल नीट, एक जरासं लंगडतं. निसरड्या जागी ती थांबायची, काठी रोवायची आणि पुन्हा निघायची.

"ते काय," मी म्हटलं. "चालत येतायत."

आण्णा वळले. इरलं बांधावर टेकवून पुढे गेले आणि बहिणीच्या डोक्यावरची पाटी त्यांनी स्वतः उतरवून घेतली.

आत्याने कपाळावर हात धरून शेतावरून नजर फिरवली. नजर हिंदुरावाच्या ओळीवर येऊन थांबली.

"ही वाकडी वळ कुनाची?"

हिंदुरावाने चिखलातून हात वर केला.

आत्या काठीवर दोन्ही हात ठेवून टेकली. "काय करनार," ती म्हणाली. "जावयाला बोलता येत नाय."